एकाच सर्व्हरवरचं प्रॉक्समॉक्स: बॅकअप, रिस्टोअरची चाचणी आणि आठवरून नऊवर जाणं

प्रॉक्समॉक्स व्हीई म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणारी प्रणाली. तिच्या आठव्या आवृत्तीला ऑगस्ट २०२६ पर्यंतच सुरक्षा अपडेट मिळतील, असं वेळापत्रक जाहीर झालेलं आहे. म्हणजे ज्यांच्याकडे आठ चालू आहे त्यांना नऊवर जावंच लागणार. माझ्या ओळखीच्या बऱ्याच शाळा-महाविद्यालयांत आणि पतसंस्थांत हे काम एकच माणूस, बाकीची कामं सांभाळून करतो. हे टिपण त्याच्यासाठी आहे. खोलीच्या कोपऱ्यात एक सर्व्हर, फार तर दोन, शेजारी यूपीएस, आणि काही बंद पडलं की फोन थेट आपल्यालाच.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाची संगणक व्यवस्था बघते. आमचा सर्व्हर म्हणजे ६४ जीबी रॅमचा एक टॉवर, त्यात झेडएफएस मिररमध्ये लावलेल्या दोन एसएसडी (एकीवरचं सगळं दुसरीवरही असतं). १०१ क्रमांकाच्या व्हीएममध्ये ग्रंथालयाचं कोहा, १०२ मध्ये ऑनलाइन शिकवणी-परीक्षांचं मूडल, १०३ मध्ये विंडोज आणि त्यावर हिशेब विभागाचं टॅली. शिवाय २०१ हा कंटेनर (व्हीएमसारखाच, पण हलका), त्यात सगळ्या विभागांच्या फाइली. ग्रंथालयाच्या काउंटरवर मुलांची रांग लागलेली असताना कोहा बंद असलं तर काय होतं हे मला चांगलं माहीत आहे, म्हणून खालचा क्रम मी कधीच बदलत नाही: आधी होस्टची, म्हणजे खालच्या मूळ प्रॉक्समॉक्सची नोंद, मग व्हीएमचा बॅकअप, मग तो बॅकअप उघडून बघणं, आणि हे सगळं जमलं तरच अपग्रेड. अपग्रेडची कमांड चालवायला तासभर पुरतो. खरी मेहनत त्याच्या आधी असते, म्हणून या टिपणातही आधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायची.

होस्टचा बॅकअप कोणी आपोआप घेत नाही

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. डेटासेंटरच्या बॅकअप पानावर आपण जे काम लावून ठेवतो ते फक्त व्हीएम आणि कंटेनर वाचवतं. खालच्या प्रॉक्समॉक्सची स्वतःची मांडणी, म्हणजे स्टोरेज कुठे जोडलंय, नेटवर्कचे ब्रिज (व्हीएमना नेटवर्क कार्डाशी जोडणारे दुवे) कसे आहेत, कोणाला कोणते अधिकार दिलेत, बॅकअपचं वेळापत्रक काय, यातलं काहीही त्यात येत नाही. सर्व्हरची बूट डिस्क गेली तर व्हीएम सुखरूप असतील, पण त्या ठेवायचं घर नव्याने बांधावं लागेल.

त्यात एक बारकावा आहे. ईटीसी या सेटिंगांच्या फोल्डरातला पीव्हीई हा फोल्डर आपल्याला साध्या फोल्डरासारखा दिसतो, पण त्यातल्या फाइली डिस्कवर तशा नसतात. त्या एका छोट्या एसक्यूलाइट डेटाबेसात असतात आणि प्रॉक्समॉक्स चालू असताना त्या तिथे दाखवल्या जातात. हा डेटाबेस व्हीएआर, मग लिब, मग पीव्हीई-क्लस्टर या फोल्डरात कॉन्फिग डॉट डीबी या नावाने असतो. सर्व्हर बंद पडल्यावर तुम्ही लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून ईटीसी-पीव्हीई उघडलंत तर तो फोल्डर रिकामा दिसेल. डेटा गेलेला नसतो, तो त्या डीबी फाइलमध्ये असतो. तरी त्या क्षणी माणूस घाबरतो आणि घाईत भलतंच काही करून बसतो. म्हणून सर्व्हर ठणठणीत चालू असतानाच त्या फाइलींची प्रत काढून ठेवायची.

मी सर्व्हर चालू असताना संपूर्ण ईटीसी फोल्डरचं टार (एकच बांधलेली फाइल) करते, म्हणजे पीव्हीईमधल्या फाइली त्यात आपोआप येतात. टार करताना 'वन-फाइल-सिस्टम' हा पर्याय देऊ नका. पीव्हीई फोल्डर वेगळी फाइलसिस्टम म्हणून जोडलेला असल्यामुळे नेमका तोच वगळला जाईल. टार झाल्यावर 'टार टीझेडएफ'ने आतली यादी काढून १०१ डॉट कॉन्फ दिसतंय का ते डोळ्यांनी बघा. रूट वापरकर्त्याचा घरचा फोल्डर आणि तुम्ही स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्ट असतील तर त्याही घ्या.

याच्या जोडीला एक साधी मजकूर फाइल. तिच्यात 'पीव्हीईव्हर्जन', 'क्यूएम लिस्ट', 'पीसीटी लिस्ट', 'एलएसबीएलके', 'झेडपूल स्टेटस' आणि 'आयपी ए' या कमांडचं उत्तर जसंच्या तसं उतरवायचं. नेटवर्क कार्डांची नावं आणि मॅक पत्ते या फाइलमुळे हाताशी राहतात, आणि पुढे अपग्रेडनंतर याच माहितीची सगळ्यात जास्त गरज पडते. कोणती केबल कोणत्या पोर्टात आहे, हेही मी त्यात लिहिते.

ही टार फाइल सर्व्हरवरच ठेवली तर उपयोग नाही. टीएमपी फोल्डरात तर अजिबात नको, रीबूटला तो रिकामा होतो. आणि ती कोणालाही सहज मिळेल अशा जागीही नको, कारण तिच्यात खासगी किल्ल्या आणि स्टोरेजचे पासवर्ड असतात.

व्हीएमच्या बॅकअपचं काम लावताना

डेटासेंटर, मग बॅकअप, मग अ‍ॅड. निवडीच्या जागी मी एकेका व्हीएमवर खूण करत नाही, 'ऑल' ठेवते आणि नको असेल ते वगळते. नवीन व्हीएम तयार झाली की ती आपोआप बॅकअपमध्ये येते, कोणाला आठवण ठेवावी लागत नाही. मोड 'स्नॅपशॉट', कॉम्प्रेशन 'झेडएसटीडी'. स्नॅपशॉट मोडमध्ये मशीन चालू राहून बॅकअप होतो. पण मशीनच्या आतला डेटाबेस त्या क्षणी नीट अवस्थेत असावा यासाठी प्रत्येक व्हीएममध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट बसवा आणि व्हीएमच्या ऑप्शन्समध्ये तो चालू करा. मग बॅकअप सुरू होताना आतली फाइलसिस्टम क्षणभर गोठवली जाते आणि अर्धवट लिहिलेल्या गोष्टी आधी डिस्कवर उतरतात. विंडोजसाठी हा एजंट व्हर्टआयओच्या आयएसओमध्ये मिळतो.

एवढं केलं तरी कोहासारख्या कामाला मी आतून वेगळा बॅकअप घेतेच. डेबियन या लिनक्सच्या पॅकेजातून कोहा बसवलं असेल तर रोज डेटाबेसचा डम्प काढायची सोय त्यातच असते. एखाद्या सकाळी कोणी चुकून शंभरभर वाचकांच्या नोंदी पुसल्या तर अख्खी व्हीएम कालच्या तारखेला नेणं योग्य नसतं, तेव्हा हा आतला डम्प कामी येतो.

दोन जागी नीट बघा. व्हीएमच्या प्रत्येक डिस्कला 'बॅकअप' नावाची खूण असते. ती काढलेली असेल तर ती डिस्क कोणतीही ओरड न करता वगळली जाते. कंटेनरमध्ये याच्या उलट आहे: मूळ डिस्कशिवाय जोडलेले माउंट पॉइंट मुद्दाम खूण केल्याशिवाय बॅकअपमध्ये येत नाहीत, आणि होस्टवरचा फोल्डर आत जोडला असेल, म्हणजे बाइंड माउंट असेल, तर तो कधीच येत नाही. आमच्या २०१ मध्ये विभागांच्या फाइली अशाच बाइंड माउंटवर आहेत, त्यामुळे त्यांचा बॅकअप मी वेगळा घेते. बॅकअपचा लॉग उघडून वाचला तर कोणती डिस्क घेतली आणि कोणती वगळली हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. हिरवी खूण बघून समाधान मानू नका, तो लॉग एकदा वरपासून खालपर्यंत वाचा.

किती जुने बॅकअप ठेवायचे हे 'कीप' पर्यायांनी ठरतं. रोजचे सात, आठवड्याचे चार आणि महिन्याचे सहा एवढं आम्हाला पुरतं. हिशेबाच्या मशीनला मी वर्षाचेही दोन ठेवते, ऑडिटच्या वेळी जुनं काही लागलं तर असावेत.

बॅकअप कुठे जातो

नव्याने बसवलेल्या प्रॉक्समॉक्समध्ये 'लोकल' नावाचं स्टोरेज असतं आणि बॅकअप सुरुवातीला तिथेच पडतात, म्हणजे त्याच सर्व्हरच्या त्याच डिस्कवर. याला मी बॅकअप मानत नाही. स्नॅपशॉटलाही, म्हणजे त्याच डिस्कवर टिपून ठेवलेल्या त्या क्षणाच्या अवस्थेलाही मानत नाही. अपग्रेडआधी घेतलेला स्नॅपशॉट व्हीएमच्या आत काही बिघडलं तर मागे जायला छान असतो, पण डिस्क किंवा पूल (झेडएफएसने एकत्र बांधलेल्या डिस्का) गेला की तोही सोबत जातो.

दुसरं मशीन हवंच. जुना डेस्कटॉप आणि त्यात एक मोठी हार्ड डिस्क असली तरी प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर चालतो. प्रॉक्समॉक्स बनवणाऱ्या व्हिएन्नाच्या कंपनीनेच तो २०२० मध्ये आणला, फुकट वापरता येतो, आणि माझ्या मते छोट्या संस्थेला यासारखं दुसरं काही नाही. व्हीएमची डिस्क तो ४ एमआयबीच्या तुकड्यांमध्ये वाचतो आणि जो तुकडा आधीच त्याच्याकडे आहे तो पुन्हा साठवत नाही. त्यामुळे रोज पूर्ण बॅकअप घेतल्यासारखा वापरता येतो, पण जागा फक्त बदललेल्या भागाचीच जाते. 'व्हेरिफाय'चं काम लावून ठेवलं की साठवलेले तुकडे शाबूत आहेत का, हे तो स्वतः तपासत राहतो. जुन्या हार्ड डिस्कवर हे काम नक्की लावा, कारण डिस्क हळूहळू खराब होत असते तेव्हा बाहेरून काहीच कळत नाही.

तो त्याच सर्व्हरच्या आत एक व्हीएम म्हणून बसवण्याचा मोह टाळा. सर्व्हर पडला की बॅकअप सर्व्हरही पडलेला असेल.

अधिकार देतानाही विचार करा. प्रॉक्समॉक्सला बॅकअप सर्व्हरशी जोडताना मुख्य वापरकर्ता देऊ नका. वेगळं एपीआय टोकन (मर्यादित अधिकारांची किल्ली) करून त्याला 'डेटास्टोअर-बॅकअप' एवढीच भूमिका द्या. या भूमिकेला बॅकअप लिहिता येतो आणि स्वतःचा परत आणता येतो, पण पुसता येत नाही. जुने बॅकअप कमी करण्याचं काम बॅकअप सर्व्हरवरच लावायचं. उद्या एखाद्या रॅन्समवेअरने मुख्य सर्व्हर ताब्यात घेतला तरी त्याला जुने बॅकअप पुसता येत नाहीत. एन्क्रिप्शन चालू केलं असेल तर त्याची किल्ली कागदावर छापून घ्या. 'पेपरकी' नावाची सोय त्यासाठीच आहे. आमची किल्ली पाकिटात सीलबंद करून कार्यालयाच्या तिजोरीत आहे. ती किल्ली हरवली तर सगळे बॅकअप जागेवर असूनही कोणालाही, प्रॉक्समॉक्स बनवणाऱ्यांनाही, उघडता येत नाहीत.

शिवाय एक प्रत इमारतीच्या बाहेर. आमच्याकडे वसतिगृहाच्या इमारतीपर्यंत फायबर आहे, तिथे दुसरा छोटा बॅकअप सर्व्हर ठेवलाय आणि रात्री 'सिंक'ने प्रत जाते. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी दोन यूएसबी डिस्का आलटूनपालटून वापराव्यात, एक जोडलेली आणि एक घरी. यूएसबी डिस्क 'डिरेक्टरी' स्टोरेज म्हणून जोडणार असाल तर 'पीव्हीईएसएम सेट' कमांडने 'इज_माउंटपॉइंट' हा पर्याय 'येस' करा. नाहीतर डिस्क काढलेली असताना बॅकअप त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे मूळ डिस्कवर लिहिला जातो आणि सर्व्हरची जागा भरून जाते.

बॅकअपचं ठिकाण संथ असेल, तर बॅकअप चालू असताना व्हीएमसुद्धा संथ होते. मशीन एखाद्या जागी काही नवीन लिहिणार असेल तर त्या जागेचा जुना मजकूर आधी बॅकअपला पोचावा लागतो, त्यामुळे हे होतं. ८.२ पासून 'फ्लीसिंग' हा पर्याय आला आहे. त्यात जुना मजकूर आधी स्थानिक वेगवान डिस्कवर ठेवला जातो, म्हणून मशीन अडत नाही. मूडलवर रात्री उशिरापर्यंत मुलं परीक्षा देत असतात, त्यामुळे मी तो चालू ठेवते.

रिस्टोअर करून बघा

इथे घाई करू नका. अपग्रेडच्या आदल्या आठवड्यात निदान सगळ्यात महत्त्वाची व्हीएम रिस्टोअर करून, चालू करून, आत जाऊन बघितलीच पाहिजे.

बॅकअपच्या यादीतून हवा तो निवडा आणि 'रिस्टोअर' दाबा. नवीन क्रमांक द्या. मी चाचणीसाठी ९०० च्या पुढचेच क्रमांक वापरते, म्हणजे खऱ्या मशीनवर चुकून रिस्टोअर होण्याचा प्रश्नच येत नाही. 'युनिक'वर खूण करा, त्यामुळे नव्या प्रतीला नवा मॅक पत्ता मिळतो. 'रिस्टोअर झाल्यावर चालू करा' ही खूण मात्र काढलेलीच असू द्या. रॅम कमी असेल तर त्याच खिडकीत ती कमी करता येते. रिस्टोअर झाल्यावर मशीन चालू करण्याआधी तिच्या हार्डवेअरमध्ये जाऊन नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये 'डिस्कनेक्ट'वर खूण करा. ही पायरी विसरलात तर त्याच आयपी पत्त्याची दोन मशीन एकाच नेटवर्कवर उभी राहतील, आणि ग्रंथालयात पुस्तक देताना कोणती नोंद कुठल्या कोहात गेली याचा ताळमेळ लागणार नाही.

मग कन्सोलमधून आत जा. लॉगिनचं पान दिसलं एवढ्यावर थांबू नका. कोहाच्या मशीनमध्ये मी डेटाबेसला आदल्या दिवशी शेवटचं दिलेलं पुस्तक विचारते आणि काउंटरवरच्या नोंदीशी ताडते. टॅलीच्या मशीनमध्ये हिशेबनीसांना शेजारी बसवून शेवटचं व्हाउचर दाखवायला सांगते. त्यांच्या डोळ्यांना जे खटकेल ते मला कळणार नाही, म्हणून हे काम एकटीने करत नाही. आणि रिस्टोअरला किती वेळ लागला तो लिहून ठेवते. प्राचार्यांनी 'बिघडलं तर किती वेळ बंद राहील?' असं विचारलं की याच आकड्यावरून उत्तर देता येतं.

चाचणीसाठी वेगळं जुनं मशीन असेल तर फारच उत्तम. त्यावर प्रॉक्समॉक्स ८ बसवा, बॅकअप सर्व्हर जोडा, एक-दोन मशीन रिस्टोअर करा आणि नऊवर जाण्याची पूर्ण तालीम तिथेच करा. वेगळं मशीन नसेल तर प्रॉक्समॉक्सच्या आत व्हीएम म्हणून दुसरं प्रॉक्समॉक्स चालवता येतं. तिचा सीपीयू प्रकार 'होस्ट' ठेवा. तुमच्या खऱ्या हार्डवेअरच्या अडचणी त्यात दिसणार नाहीत, पण पायऱ्या आणि प्रश्न सगळे तेच येतात, आणि खऱ्या दिवशी स्क्रीनवर आलेला मजकूर ओळखीचा वाटतो.

नेहमीची अपडेट

महिन्यातून एकदा, कामाचे तास संपल्यावर. आधी नोडच्या (म्हणजे सर्व्हरच्या) 'अपडेट्स'खालची 'रिपॉझिटरीज', म्हणजे पॅकेजं जिथून येतात ते स्रोत बघा. नवीन प्रॉक्समॉक्समध्ये एंटरप्राइझ रिपॉझिटरी चालू असते आणि सबस्क्रिप्शन नसेल तर ४०१ ची चूक दाखवते. ती बंद करून 'नो-सबस्क्रिप्शन' चालू करा. जिथे पैशांचे व्यवहार चालतात तिथे मी सबस्क्रिप्शन घ्याच म्हणते. तिथली पॅकेजं जास्त तपासून येतात आणि हा प्रकल्प त्याच पैशांवर चालतो.

'एपीटी अपडेट', आणि त्यानंतर 'एपीटी डिस्ट-अपग्रेड' किंवा 'फुल-अपग्रेड'. साधं 'एपीटी अपग्रेड' प्रॉक्समॉक्सवर कधीच वापरू नका. एखादं जुनं पॅकेज काढायची गरज पडली की ते मागे राहतं आणि अर्धी जुनी, अर्धी नवी अशी व्यवस्था तयार होते. होकार देण्याआधी यादी वाचा. कर्नल (प्रणालीचा गाभा) असेल तर रीबूट लागणार. क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) असेल तर चालू असलेल्या व्हीएम जुन्याच क्यूईएमयूवर चालत राहतात. विंडोजच्या आतून 'रिस्टार्ट' करून त्या नव्यावर येत नाहीत. वेब पानावरचं 'रीबूट' बटण किंवा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करणं, हाच मार्ग.

कधी यादीत 'प्रॉक्समॉक्स-व्हीई' हे पॅकेज काढून टाकणार असं आलं आणि मोठा इशारा दिसला तर तिथेच थांबा. इशारा बाजूला सारायची युक्ती तोच इशारा तुम्हाला सांगतो, ती वापरू नका. जवळजवळ नेहमीच रिपॉझिटरी चुकलेली असते, किंवा होस्टवर बाहेरचं काहीतरी बसवलेलं असतं. याच कारणासाठी मी होस्टवर डॉकर, मीडिया सर्व्हर, असलं काही बसवत नाही. जे चालवायचं ते व्हीएमच्या आत.

आठवरून नऊ

नऊ ही आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली आणि ती डेबियन १३, म्हणजे 'ट्रिक्सी'वर उभी आहे. आठ डेबियन १२ वर, म्हणजे 'बुकवर्म'वर होती. एक पायरी गाळून जाता येत नाही: सात असेल तर आधी आठ, मग नऊ.

दिवस निवडताना प्रवेशाचे आणि परीक्षांचे आठवडे सोडा. मी शनिवारी दुपारी ग्रंथालय बंद झाल्यावर सुरू करते, म्हणजे रविवार हाताशी असतो. वीज देखभालीसाठी जाणार असल्याची सूचना त्या दिवसाची नाही ना ते बघा, आणि यूपीएसची बॅटरी खऱ्या भारावर किती वेळ टिकते हे आधी तपासा.

आधी आठच्या शेवटच्या टप्प्यावर या: 'पीव्हीईव्हर्जन'ने ८.४.१ किंवा त्याच्या पुढचं दाखवलं पाहिजे. मग 'पीव्हीई८टू९' ही तपासणीची कमांड 'फुल' पर्यायासह चालवा. ती काहीही बदलत नाही, फक्त सांगते. लाल ओळी तर सोडवाच, पण पिवळ्याही वाचा. अनेकांना 'सिस्टमडी-बूट' हे पॅकेज काढा असं ती सांगेल. तिने सांगितलं तर काढा, नाहीतर पुढे बूटच्या वेळी अडचण येते. मूळ डिस्कवर निदान ५ जीबी मोकळे हवेत, मी १० च्या खाली सुरूच करत नाही. जुने कंटेनर असतील तर लक्ष द्या: सेंटओएस ७ किंवा उबुंटू १६.०४ चे कंटेनर नऊवर चालत नाहीत, कारण त्यांचं सिस्टमडी फार जुनं आहे. त्यांचं स्थलांतर आधी उरका. ईटीसीमधल्या सिससीटीएल डॉट कॉन्फ फाइलमध्ये काही लिहिलं असेल तर ते सिससीटीएल डॉट डी फोल्डरातल्या वेगळ्या फाइलमध्ये हलवा, नव्या डेबियनमध्ये ती जुनी फाइल वाचली जात नाही.

शेवटचा बॅकअप घ्या, तो पूर्ण झाल्याचं बघा, होस्टचं टार नव्याने काढून बाहेर न्या. मग सगळ्या व्हीएम आणि कंटेनर आतून नीट बंद करा. क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेले अनेक सर्व्हर असतील तर एकेक नोड घ्या आणि त्यावरची मशीन दुसरीकडे हलवा. जुन्या आवृत्तीवरून नव्यावर चालू मशीन हलवता येतं, उलट दिशेने जमेलच असं नाही.

वेब पानावरच्या शेलमधून हे काम करू नका, अपग्रेडमध्ये तीच सेवा पुन्हा सुरू होते आणि जोडणी तुटते. सर्व्हरला मॉनिटर आणि कीबोर्ड लावून समोर बसणं सगळ्यात चांगलं. एसएसएचनेच करायचं असेल तर आधी 'टीमक्स' चालू करा, म्हणजे वाय-फाय गेलं तरी काम चालू राहतं.

आता एपीटीच्या स्रोत-फाइलींमध्ये जिथे जिथे 'बुकवर्म' आहे तिथे 'ट्रिक्सी' करा. डेबियनच्या आणि प्रॉक्समॉक्सच्या दोन्ही ओळी, एकही राहता कामा नये. बाहेरच्या रिपॉझिटरी तात्पुरत्या बंद ठेवा. 'एपीटी अपडेट' एकही चूक न दाखवता पार पडलं पाहिजे. मगच 'एपीटी डिस्ट-अपग्रेड'.

मध्ये काही फाइलींबद्दल प्रश्न येतात: तुमची ठेवू की नवी घेऊ? 'इश्यू' फाइल जुनीच ठेवा, ती प्रॉक्समॉक्स स्वतः लिहितो. एलव्हीएमची आणि क्रोनीची फाइल तुम्ही बदलली नसेल तर नवी घ्या. ग्रबच्या फाइलमध्ये तुम्ही कर्नलला काही पर्याय दिले असतील तर जुनी ठेवा. एसएसएचच्या फाइलमध्ये काही बदल केला असेल तर 'डी' दाबून फरक बघा आणि मग ठरवा. उत्तर माहीत नसेल तेव्हा घाईने एंटर मारू नका, प्रश्न तसाच उभा राहतो, वेळ संपत नाही.

संपल्यावर रीबूट करण्याआधी तीच तपासणीची कमांड पुन्हा चालवा. मग रीबूट. वेब पान आधी कॅश पुसून पुन्हा लोड करा, नाहीतर जुनं पान नव्या सर्व्हरशी बोलत राहतं आणि नसलेल्या चुका दिसतात.

सर्व्हर चालू झाला पण नेटवर्कवर दिसला नाही तर

बहुतेक वेळा कर्नल बदलल्यामुळे नेटवर्क कार्डाचं नाव बदललेलं असतं: काल 'ईएनपी३एस०' होतं, आज 'ईएनपी४एस०' झालं, आणि ब्रिज जुन्या नावालाच जोडलेला आहे. सर्व्हरसमोर बसून लॉगिन करा, 'आयपी ए' चालवा, मॅक पत्ता तुमच्या मजकूर फाइलशी ताडून बघा. नेटवर्कच्या 'इंटरफेसेस' फाइलमध्ये 'ब्रिज-पोर्ट्स'च्या ओळीत नवं नाव लिहा आणि 'इफरीलोड'ला 'ए' पर्याय देऊन चालवा. नऊमध्ये नावं कायमची बांधून ठेवायचं वेगळं साधनही आलं आहे, ते एकदा वापरलं की पुढच्या कर्नलला हा त्रास होत नाही.

नवा कर्नल बूटच होत नसेल तर बूट मेनूतल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मधून जुना निवडा. तो चालला तर 'प्रॉक्समॉक्स-बूट-टूल'च्या 'कर्नल पिन'ने तात्पुरता तोच पक्का करा आणि शांतपणे कारण शोधा.

आणि काहीच जमलं नाही तर? नऊवरून आठवर उतरण्याची सोय नाही. आयएसओवरून नव्याने बसवायचं, निवडलेली डिस्क पूर्ण पुसली जाते हे लक्षात ठेवून. मग बॅकअप सर्व्हर जोडायचा आणि एकेक मशीन रिस्टोअर करायची, सगळ्यात आधी ज्याच्यावाचून काम अडतं ते. जुन्या टारमधला अख्खा ईटीसी नव्यावर ओतू नका. नेटवर्क, स्टोरेज आणि वेळापत्रकाच्या फाइली समोर उघडून, हव्या त्या ओळी हाताने घ्या. या वेळेचा अंदाज तुम्ही आदल्या आठवड्यात लिहून ठेवलेला असतो, तो कार्यालयाला कळवा आणि कामाला लागा.

सगळं सुरळीत असेल तर मशीन एकेक करून चालू करा, एकदम नाही. प्रत्येकीत लॉगिन करून बघा. त्याच रात्रीचा बॅकअप नव्या आवृत्तीवरून नीट झाला का, हे सकाळी लॉग वाचून खात्री करा, आणि त्यातली एक मशीन ९०० च्या पुढच्या क्रमांकावर रिस्टोअर करून बघा. 'झेडपूल स्टेटस' तुम्हाला पूल नव्या सुविधांवर नेता येईल असं सुचवेल. काही आठवडे तरी 'झेडपूल अपग्रेड' चालवू नका. एकदा चालवलं की जुना कर्नल आणि जुना बचाव-पेनड्राइव्ह तो पूल उघडू शकेलच असं नाही. बॅकअप सर्व्हरची स्वतःची मोठी आवृत्ती बदलायची असेल तर तिला वेगळा दिवस द्या.